तळ्यातला सनफिश घरच्या टाकीत कसा पाळावा

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत राहणाऱ्या मराठी घरात फिश टँक असला, तर त्यात बहुतेक गप्पी, एंजल नाहीतर गोल्डफिश असतात. आणि घरापासून दहा मिनिटांवरच्या तळ्यात, लाकडी धक्क्याच्या सावलीत, त्यांच्याहून देखणा मासा उभा असतो: पंपकिनसीड सनफिश. नारिंगी पोट, गालावर निळ्या नागमोडी रेघा, कल्ल्याच्या झाकणामागे काळा 'कान' आणि त्या कानाच्या टोकाला कुंकवाच्या टिकलीसारखा लाल ठिपका. हा मासा घरी पाळता येतो, त्याला हीटरही लागत नाही. फक्त सुरुवात मासा पकडण्यापासून करू नका. तो सगळ्यात शेवटी येतो.

आधी नियम बघा. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. फिशिंग लायसन्स काढलं म्हणजे मासा जिवंत घरी नेता येतोच असं नाही. कुठल्या जातीला संरक्षण आहे, जाळं चालतं की फक्त गळ, किती मासे नेता येतात, हे राज्याच्या मत्स्य विभागाच्या नियमांत वाचा. शंका असेल तर फोन करून विचारा. स्थानिक मासे विकणारे परवानाधारक फार्मही असतात. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी तोच मार्ग सुचवेन.

मग जात ठरवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. ब्लूगिल हाही सनफिशच. त्याचं बोटभर लांबीचं पिल्लू गोंडस दिसतं, पण ते तळहाताहून मोठं होतं आणि वर्षानुवर्षं जगतं. पंपकिनसीडही १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला निदान ५५ गॅलनची, म्हणजे सुमारे २०० लिटरची टाकी हवी, आणि तीही एकट्याला. ग्रीन सनफिश तर घरात नकोच. तोंड मोठं, स्वभाव भांडखोर, सोबतचा मासा तो जगू देत नाही.

जागा कमी असेल तर ब्लूस्पॉटेड सनफिश घ्या. सहा-सात सेंटिमीटरचा, शांत, गडद अंगावर निळे ठिपके विखुरलेले. २० गॅलनच्या (७५ लिटर) टाकीत पाच-सहा जण सुखाने राहतात. ओळखायची खूण शेपटीत आहे: याची शेपटी गोल असते, पंपकिनसीड-ब्लूगिलची मधे किंचित खाचलेली. दोघांना एकत्र कधीही ठेवू नका, मोठा लहानाला खातो.

टाकी महिना-दीड महिना आधी लावा. तळाशी बारीक वाळू, एक-दोन लाकडाची खोडं, व्हॅलिसनेरिया किंवा हॉर्नवर्टची दाट झुडपं. फिल्टर दमदार हवा, पण पाण्याला ओढ नको. हे मासे संथ पाण्यातले. वर झाकण हवंच, कारण ते उडी मारतात.

आपल्याकडे बादलीत रात्रभर पाणी ठेवून क्लोरीन उडवायची सवय असते. इथल्या अनेक शहरांत नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही. त्यासाठी दुकानात मिळणारं वॉटर कंडिशनर घाला. टाकीत उपयोगी जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट ही माशाला घातक द्रव्यं दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा आणू नका. पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं.

मासा आणताना लहान आणा. तो टाकीला लवकर रुळतो. गळ बिनकाट्याचा वापरा. उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या उथळ पाण्यात वाळूत ताटाएवढा गोल खळगा आणि त्यावर घिरट्या घालणारा मासा दिसला, तर त्याला हात लावू नका. तो अंडी राखणारा नर आहे. तो हलला की बाकीचे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात.

घरी आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. अंगावर खसखशीएवढे काळे दाणे दिसले तर घाबरू नका. त्या परजीवीचं चक्र गोगलगाय आणि मासे खाणाऱ्या पक्ष्याशिवाय पुरं होत नाही, त्यामुळे तुमच्या टाकीत तो पसरत नाही. पांढरे दाणे किंवा कापसासारखी बुरशी दिसली तर मात्र लगेच उपचार करा.

खाणं. पहिले काही दिवस तो विकतच्या खाद्याच्या दाण्यांकडे ढुंकूनही बघणार नाही. काळजी करू नका. जिवंत ब्लॅकवर्म (बारीक किडे) किंवा डॅफ्नियापासून (पाण्यातल्या पिसवा) सुरू करा, मग गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आणि त्यात हळूहळू बुडणारे खाद्याचे दाणे मिसळा. पंपकिनसीड गोगलगायी आवडीने खातो. घशातल्या चपट्या दातांनी कवच फोडतो आणि तुकडे बाहेर थुंकतो. टाकीजवळ कान नेला तर कधी कधी ती बारीक कडकड ऐकूही येते.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: कंटाळा आला, मासा मोठा झाला, तरी तो तळ्यात परत सोडायचा नाही. टाकीतले रोग त्याच्याबरोबर तळ्यात जातात. आणि सुट्टीला भारतात जाताना तर मुळीच न्यायचा नाही. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. ते पुढे बिवा सरोवरापर्यंत पसरले, तिथल्या देशी माशांच्या मुळावर आले, आणि २००७ मध्ये सम्राट म्हणून अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. युरोपीय संघाने २०१९ मध्ये पंपकिनसीडला घातक परक्या जातींच्या यादीत घातलं. उजनी धरणात बाहेरून आलेली चिलापी किती माजली हे ठाऊक असलेल्यांना जास्त सांगायला नको. मासा ठेवणं जमेना, तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह फिशेस असोसिएशन ही संस्था १९७२ पासून अशाच लोकांची आहे.

ऋतू पाळा. वर्षभर एकाच तापमानात ठेवलेला सनफिश जगतो, पण खुलत नाही. हिवाळ्यात टाकी थंड बेसमेंटमध्ये असेल तर उत्तमच. पाणी १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू उतरू द्या, दिवा कमी वेळ लावा, खाणं अगदी थोडं. मार्चपासून ऊब आणि उजेड वाढवत न्या. २० अंशांच्या आसपास पंपकिनसीडचा नर रंगाने पेटतो, शेपटीने वाळू उडवत कोपऱ्यात खळगा करतो. मोठ्या टाकीत जोडी ठेवली असेल तर अंडी घातल्यावर मादीला वेगळं काढा, नाहीतर तो तिला मारतो. त्या दिवसांत पाणी बदलताना त्याच्या कोपऱ्यात हात घालू नका. तो सरळ बोटावर धावून येतो.