नेब्युलायझर चालू आहे पण वाफच येत नाही? आधी कप उघडून बघा

आमच्या सासूबाईंना दमा आहे. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या यायला लागल्या की इकडे नाशिकला सिडकोत आमच्या घरी रात्री-अपरात्री नेब्युलायझर लागतोच. गेल्या डिसेंबरात रात्री दोनला मशीन घरघरतंय, मास्कमधून वाफेचा पत्ता नाही आणि आई धापा टाकतायत, तेव्हा जाम घाबरले होते मी. त्यानंतर सगळं नीट समजून घेतलं, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, पेशंटला दम लागलेला असताना मशीन खोलत बसायचं नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलेला इनहेलर स्पेसर (इनहेलर आणि तोंडाच्या मध्ये लावायचं प्लॅस्टिकचं नळकांडं) लावून द्या, आणि तरी आराम नाही, एक वाक्य सुद्धा धड बोलता येत नाही किंवा ओठ निळसर दिसतायत, तर 108 ला फोन करा नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठा.

आता मशीन. आवाज येतोय पण वाफ नाही, तर कपाची (ज्यात औषध घालतो तो) नळी काढा आणि तिचं तोंड गालाजवळ धरा. हवा जोरात लागली म्हणजे मशीन ठणठणीत आहे, दोष कपात आहे. कपाच्या तळाला एक अगदी बारीक भोक असतं, तिथून हवा इतक्या वेगाने वर येते की बाजूचं औषध सोबत ओढलं जातं आणि वर आपटून त्याचं धुकं होतं, आणि हे ओढायचं काम होतं ते त्या भोकावर बसणाऱ्या छोट्या शंकूसारख्या प्लॅस्टिकच्या तुकड्यामुळे. तो नसेल किंवा तिरका बसला असेल तर औषध खालीच पडून राहतं. आमच्याकडे त्या रात्री हेच झालेलं, धुताना तो तुकडा बेसिनजवळच्या वाटीत राहिला होता! म्हणून कप धुतला की सगळे तुकडे मोजूनच ठेवा.

तुकडा जागेवर असेल तर भोक तुंबलंय. त्यात सुई किंवा टाचणी अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की थेंब जाडे पडतात आणि औषध छातीत खोल न जाता घशातच बसतं. एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, त्यात कप अर्धा तास बुडवून ठेवा, स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या. नळीवाल्या कपाला हे चालतं, पण मेश मशीन (नळीशिवायचं, बारीक जाळीतून धुकं करणारं) असेल तर जाळीला बोट, कापूस काही लावू नका, तिची सफाई पुस्तिकेत दिली असेल तशीच.

कप आडवा झाला तरी वाफ थांबते, पेशंटला उशी लावून बसवा. औषध साधारण 2-3 मिली तरी लागतं, कमी वाटलं तर डॉक्टरांना विचारून नॉर्मल सलाईन (मेडिकलमध्ये मिळणारं निर्जंतुक मिठाचं पाणी) घाला, नळाचं पाणी कधीच नाही, उकळून गार केलेलं पण नाही. आणि शेवटी फडफड आवाज आला की झालं, थोडं औषध तळाशी राहतंच.

गालाला हवाच कमी लागली तर मशीनचा हवेचा फिल्टर काढून बघा. काळा पडला असेल तर बदला. नळी टोकाला चिरते, ते पण बघा, आणि आत पाणी दिसलं तर कप न लावता नुसती नळी लावून मशीन दोन-तीन मिनिटं चालवा.

मशीन एकदम बंदच पडलं तर दुसऱ्या सॉकेटला लावून बघा. बरीच मशीन्स सलग चालून तापली की आपोआप बंद होतात, अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. तरी नाही झालं तर दुरुस्तीला द्या, घरी खोलू नका. पण वाफ कमी येते एवढ्यावरून मोटर बदलू नका, आम्हाला एका दुकानात तेच सांगितलेलं आणि नवा कप लावल्यावर मशीन पहिल्यासारखं चाललं.

कप, नळी, मास्कचं किट मेडिकलमध्ये सुटं मिळतं, नाशिकला असाल तर गोळे कॉलनीत बघा, जुना कप सोबत न्या म्हणजे नळी बसते का ते कळेल. नवं किट आणलं की आधी नुसतं सलाईन घालून चालवून बघा, दाट वाफ आली की मगच औषध. आणि एक जादा किट औषधाच्या डब्यातच ठेवा, रात्री दोनला शोधायला लागू नये.