लेआऊटमधला रस्ता सायकलसाठी चांगला करून घ्यायचा असेल तर

सायकल ट्रॅक मागू नका. लेआऊटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या, आतल्या रस्त्यासाठी तर मुळीच नको. नऊ मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मधून जेमतेम दोन कार निघतील एवढी जागा. तिथे रंगाची पट्टी ओढली तर थोड्याच दिवसांत तिच्यावर कुणाची तरी कार उभी राहते आणि मागणी करणारे आपण गप्प बसतो. आतल्या रस्त्यावर सायकलवाल्याला दोनच गोष्टी लागतात: गाड्यांचा वेग कमी आणि चाकाखालची जागा सपाट. मी नागपुरात त्रिमूर्ती नगरच्या बाजूला राहते, शाळेत गणित शिकवते, आणि आमच्या रस्त्यासाठी शेजाऱ्यांसोबत ह्याच दोन गोष्टी मागत आले आहे. ते कसं करायचं, ते लिहिते.

एकच रस्ता निवडा. अख्खा प्रभाग नको, अख्खं लेआऊटही नको. ज्या रस्त्यावरून शाळेची, ट्यूशनची, कामाची वर्दळ जाते तो एक. तिथे उभं राहून सायकली मोजा, पण मे महिन्यात नाही. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेल्यावर रस्त्यावर कोण दिसणार? विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जुलैतला साधा कामाचा दिवस धरा. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात. वहीत चार रकाने पुरतात: शाळा-ट्यूशनची मुलं, कामाला जाणाऱ्या बाया, पेपर-दूधवाले, बाकीचे.

हे रकाने भरताना तुमचं आंदोलन कुणाचं आहे ते कळतं. रविवारी पहाटे हेल्मेट घालून फुटाळा तलावाकडे निघणारे ग्रुप मला आवडतात, त्यांनाही सोबत घ्या. पण रोज, पावसात आणि उन्हात, आपल्या गल्लीतून सायकलनं जाणारी माणसं वेगळी आहेत. त्यांना थांबवून विचारा, कुठे भीती वाटते. आमच्याकडे जयताळ्याकडून कामाला येणाऱ्या एका ताईंनी मला रस्त्याच्या कडेला नेऊन दाखवलं. “हे पाहा ताई, मागून कार आली का खाली उतरा लागते. अन् इथून चाक घसरलं का पडलीच म्हणून समजा.”

त्या दाखवत होत्या तो सिमेंट रस्त्याचा काठ. नागपुरात गेल्या काही वर्षांत आतले रस्तेही सिमेंटचे झाले, रस्ता उंच झाला आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) खाली राहिले. मधे चार बोटांची पायरी. कारवाल्याला ती कधी जाणवत नाही. सायकलचं चाक मात्र काठाला समांतर घासत जातं आणि परत वर चढू शकत नाही, माणूस तिथेच आडवा होतो. तिथे फूटपट्टी उभी धरून फोटो काढा, आकडा नीट दिसेल असा. पावसाळी नालीच्या जाळ्याही बघा. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनेच धावत असतील तर सायकलचा पातळ टायर फटीत जातो. जाळी आडवी फिरवली किंवा तिच्यावर दोन आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या की काम झालं. ही मागणी सगळ्यात आधी लिहा, कारण खर्च नगण्य आणि कुणाचाच विरोध नसतो.

आता वेग. “गाड्या फार जोरात जातात” हे वाक्य अर्जात काही करत नाही. रस्त्यावर खडूने दोन रेषा मारा, मधे मोजून ५० मीटर. मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ घ्या. सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, चार सेकंद लागले तर ४५. आठवी-नववीची मुलं हे फार छान करतात, फक्त त्यांना फुटपाथवर किंवा कुंपणाच्या आत उभं करा. ३० च्या जागी ४५ म्हणजे वेग दीडपट, पण धडकेची ऊर्जा सव्वादोनपट, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. रस्ता सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे चालणारी-सायकलवाली माणसं आणि मोटारी एकाच रस्त्यावर असतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सांगितली आहे. तो आकडा अर्जात घाला. आणखी एक घाला: केंद्राच्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ चॅलेंजमध्ये २०२१ साली निवडलेल्या ११ शहरांत नागपूर होतं. शहरानं स्वतः घेतलेली जबाबदारी आहे ती.

अर्जाआधी शेजारी. समाज भवनात बोलवा, नाहीतर मंदिराच्या ओट्यावर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय सुरू करू नका, तिथे दोन मेसेजमध्ये भांडण लागतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो. आमच्याकडचे एक काका सरळ म्हणाले, “म्हणजे मी माझी गाडी कुठं ठेवू?” प्रश्न खरा आहे, त्याला नीट उत्तर द्या. आम्ही काकांना घेऊन कोपऱ्यावर गेलो आणि दाखवलं की पूर्ण रस्ता मोकळा नको आहे, फक्त वळणाजवळच्या दोन गाड्या मागे सरकल्या तर वळणारी सायकल दिसते. त्यांची नात त्याच कोपऱ्यावरून ट्यूशनला जाते. काका पुढे सही गोळा करायला आले.

लोकांना पटवायची सगळ्यात चांगली संधी मला तान्हा पोळा वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी ओढत मैदानात येतात, तेव्हा गल्लीत गाडीवाला आपसूक हळू होतो आणि कुणी तक्रार करत नाही. त्या दिवशी तिथेच एक टेबल टाका, फोटो आणि वेगाचे आकडे लावा, नंदी धरलेल्या मुलांच्या आईबापांच्या सह्या घ्या.

रस्ता कुणाचा आहे ते आधी शोधा: महापालिकेचा, नागपूर सुधार प्रन्यासचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. महापालिकेचा असेल तर दहा झोनपैकी आपल्या झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे लिहा, प्रत उपअभियंत्यांना, प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना आणि वाहतूक पोलिसांना. अर्ज एका पानाचा, मागण्या तीनच, प्रत्येकीसमोर फोटोचा क्रमांक. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मग कनिष्ठ अभियंत्यांना रस्त्यावर बोलवा. ते आले की कागद बाजूला ठेवा आणि त्यांना त्या काठाजवळ न्या.

तुमच्या रस्त्याचं सिमेंटीकरण व्हायचं असेल तर घाई करा. काठ, जाळ्या, झाडांभोवतीची मोकळी माती, हे सगळं काम सुरू होण्याआधीच अंदाजपत्रकात यायला हवं. सिमेंट पडलं की पुढची कित्येक वर्षं त्याला कुणी हात लावत नाही. कार्यादेश (वर्क ऑर्डर) आणि अंदाजपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. माझ्या मते ही प्रत हाती असणं शंभर सह्यांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे, कारण कंत्राटदाराला काय करायचं होतं ते तिच्यात लिहिलेलं असतं.

शेवटी गतिरोधक, कारण लोक तोच मागतात. उरलेल्या काँक्रीटचा ढीग घालून स्वतः बनवू नका, आणि रबराचे अरुंद पट्टेही मागू नका. त्यांवरून मोटरसायकल उडत जाते आणि सायकलवरच्या बाईच्या कॅरिअरवरचा डबा पडतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस ह्या संस्थेच्या मानकातला गोल गतिरोधक रस्त्याच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मधे १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून ताशी २५ च्या आसपासच्या वेगाने सुखात जाता येतं. अर्जात हीच मापं लिहा, पुढे पांढरे पट्टे आणि आधी फलक हेही लिहा.

काम होईल त्या दिवशी कुणीतरी घरी थांबा. मापं कागदावर बरोबर असतात आणि प्रत्यक्षात मजूर नजरेनं आकार देतात. आम्ही प्लायवूडचा साचा कापून ठेवला होता: मध्यभागी उंची १० सेंटिमीटर, मध्यापासून दोन्हीकडे साडेब्याण्णव सेंटिमीटरवर साडेसात, आणि १८५ सेंटिमीटरवर शून्य. रोलर फिरल्यावर साचा उपडा ठेवून बघा, कुठे फट दिसते का. डांबर गरम आहे तोवरच सांगा, आणि मजुरांसाठी चहा तयार ठेवा.