मिथेनॉलचा फवारा आणि मीटरवरचा फसवा आकडा

टर्बो गाडीच्या इंजिनात जाणाऱ्या हवेत मिथेनॉल या अल्कोहोलचा फवारा मारून जास्त ताकद काढायची, तर आधी एक अट. पेट्रोल मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) स्वतः करता येत असेल आणि बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब), टायमिंग (ठिणगी कधी पडते ते), नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) यांचे लॉग, म्हणजे नोंदी, वाचता येत असतील, तरच या वाटेला या. नसेल तर आधी तेवढं शिका. मिथेनॉल कुठे पळून जात नाही.

फायदा उघड आहे. एक किलो पेट्रोलची वाफ होताना साधारण 350 किलोज्यूल उष्णता ओढली जाते, मिथेनॉलला 1100 आणि पाण्याला 2250 लागते. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पुढे फवारा मारला की हवा आणखी थंड होते, नॉक लांबतो आणि टायमिंग पुढे घ्यायला, म्हणजे ठिणगी लवकर पाडायला, जागा मिळते. कल्पना जुनीच. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानांत निम्मं मिथेनॉल आणि जवळजवळ निम्मं पाणी असलेलं एमडब्ल्यू-50 वापरत. 1962 च्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या अमेरिकन गाडीत तर अशा मिश्रणाची टाकी कंपनीच बसवून द्यायची, आणि ती रिकामी झाली की बूस्ट आपोआप उतरायचा. आज स्वस्तातली किटं नेमकी हीच सोय गाळतात, आणि आपण कौतुकाने घेतो!

आता ज्यात मी स्वतः बरेच दिवस गोते खाल्ले, ते सविस्तर सांगतो.

वाइडबँड मीटर, म्हणजे एक्झॉस्टमधल्या सेन्सरचा आकडा दाखवणारा मीटर, एएफआर (हवा-इंधनाचं वजनी प्रमाण) मोजतच नाही. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून तो लॅम्डा काढतो, म्हणजे इंधन पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा मिळाली ते (1 च्या खाली इंधन जास्त, वर हवा जास्त), त्याला 14.7 ने गुणतो आणि आकडा दाखवतो. 14.7 हे निव्वळ पेट्रोलचं प्रमाण. ई20 चं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, येतं साधारण 13.5, आणि मिथेनॉलला तर किलोमागे साडेसहा किलो हवा पुरते. म्हणून मीटर लॅम्डावर ठेवा आणि एएफआर विसरा.

हिशेब करून बघा. साधारण 250 हॉर्सपॉवरचं इंजिन, फुल बूस्टला मिनिटाला 11.3 किलो हवा, लॅम्डा 0.80. निव्वळ पेट्रोल धरलं तर ते जातं 960 ग्रॅम. त्यात मिनिटाला 250 मिली शुद्ध मिथेनॉल, म्हणजे 200 ग्रॅमच्या आत-बाहेर, सोडलं की लॅम्डा 0.73 वर येतो. मीटर म्हणतो 10.8, खरं प्रमाण असतं पावणेदहा. नवखा माणूस म्हणतो, फारच रिच झालं, इंधन जास्त पडतंय. मग तो पेट्रोल नऊ टक्के कापून पुन्हा 0.80 गाठतो, वर टायमिंग तीन अंश पुढे घेतो. गाडी सुसाट. एक दिवस नोझलमध्ये कचरा अडकतो. फवारा बंद, थंडावा गेला, टायमिंग तिथेच आणि लॅम्डा थेट 0.88! पिस्टन वितळायला आणखी काही लागत नाही.

नव्या ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या संगणकात, हे कापणं तुमच्या नकळत होतं. फुल बूस्टलाही क्लोज्ड लूप (सेन्सर बघून इंधन आपोआप कमी-जास्त करणं) चालू असेल तर फवारा सुरू होताच ट्रिम, म्हणजे त्या दुरुस्तीची टक्केवारी, उणे आठ-नऊवर जातो आणि लॅम्डा ढिम्म हलत नाही. मीटर बघून वाटतं, मिथेनॉल आलंच नाही की काय. म्हणून माणूस मोठं नोझल लावतो. बघायचं असतं ट्रिमकडे.

घाबरू नका, क्रम पाळला की हे काम शांतपणे होतं. आधी फवाऱ्याशिवाय, कमी बूस्टवर, पेट्रोलचा मॅप भक्कम करा. मग लहान नोझल आणि मिथेनॉल-पाण्याचं 50:50 मिश्रण लावून मॅपमध्ये काहीही न बदलता लॉग घ्या. थोडं रिच राहिलं तर राहू द्या. माझं मत विचाराल तर पेट्रोल तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त कापूच नये. ताकद टायमिंगमधून एकेक अंशाने काढा, तीही डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. एक्सप्रेसवेवर नाही.

नोझल बसवण्याआधी मोजपात्रात एक मिनिट फवारून बघा. छापील आकड्यावर जाऊ नका, कारण गाडीत पंपाच्या दाबातून बूस्टचा दाब वजा होतो. आणि लॅम्डा सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी सांगतो, पण फवारा सगळीकडे सारखा पोचेलच असं नाही. म्हणून चारही प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक कण दिसले तर तिथेच थांबा. चकाकतंय ते पिस्टनचं ॲल्युमिनियम.

फेलसेफ, म्हणजे फवारा बिघडला तर इंजिन वाचवणारी सोय, टाकीच्या पातळीवरचा नको, प्रवाह मोजणारा हवा. प्रवाह तुटला की बूस्ट आणि टायमिंग दोन्ही खाली आले पाहिजेत. हे न बसवता मॅप देणारा उस्ताद कितीही नावाजलेला असो, त्याला नमस्कार करून निघा. लॉग न दाखवणाऱ्यालाही. व्हॉट्सॲपवर आलेला तयार मॅप तर फुकट मिळाला तरी महागच.

मिथेनॉल ओळखीतून कॅनमध्ये आणू नका. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत याच मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली. महाराष्ट्रात ते विष म्हणून नियंत्रित आहे, परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. ते कातडीतूनही शरीरात जातं, तेव्हा भरताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. 1981 च्या इंडियानापोलिस शर्यतीत पिटमध्ये, म्हणजे इंधन भरायच्या थांब्यावर, ड्रायव्हर रिक मीअर्स पेटला, तेव्हा आजूबाजूच्यांना आग दिसेचना. पाण्याने ही आग विझते, त्यामुळे टाकी भरताना भरलेली बादली हाताशी असू द्या.