‘बघतो’, ‘तपासतो’, ‘चौकशी करतो’ : ऑफिसच्या इंग्रजीत नेमकं काय लिहायचं?

नोकरीचा तिसरा महिना होता. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी सपोर्टला होतो, ग्राहक इंग्लंडमधले. माझी दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाचायला अडत नव्हतं, लिहिताना मात्र प्रत्येक क्रियापद डिक्शनरीतून उचलून आणायचो. एका ग्राहकाच्या बिलांच्या रकमा जुळेनात. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांनी भरलेली माहिती तपासतोय, एवढंच मला कळवायचं होतं. मी लिहिलं, ‘वी आर इन्व्हेस्टिगेटिंग युअर अकाउंट्स टीम.’

अर्ध्या तासात त्यांच्या मॅनेजरचा फोन थेट आमच्या टीम लीडकडे. मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, “अरे, तू त्यांच्या माणसांवर संशय घेतलास असं वाचलं त्यांनी. रकमा तपास, माणसं नको तपासूस.” मग माझ्यासमोर बसून त्यांनी दुरुस्त ईमेल लिहिला : ‘वी आर लुकिंग इनटू द मिसमॅच.’ फरक आहे हे दिसत होतं. का आहे, ते समजायला मला पुढचं वर्षभर लागलं. तुम्ही आत्ता अशाच खुर्चीत बसला असाल, तर ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

‘इन्व्हेस्टिगेट’च्या मुळाशी लॅटिनमधला पाऊलखुणेचा शब्द आहे. आपल्याकडचं ‘माग काढणं’ अगदी तेच. चोराचा माग काढतात, तसा बिघाडाचाही काढता येतो. त्यामुळे या क्रियापदापुढे घटना, बिघाड, तक्रार, अपघात आला की काही बिघडत नाही. माणूस किंवा विभाग आला की वास बदलतो. मराठीतही ‘रकमांची तपासणी चालू आहे’ आणि ‘त्याची चौकशी चालू आहे’ ही वाक्यं आपण एका सुरात ऐकत नाही. दुसरं ऐकताच आपणही विचारतो, काय केलं त्याने? आणि एक व्याकरणाची गोष्ट : ‘इन्व्हेस्टिगेट’नंतर ‘अबाउट’ येत नाही. आपण ‘याबद्दल तपास’ म्हणतो म्हणून हात आपोआप तिकडे जातो. ‘डिस्कस अबाउट’ची चूकही तिथूनच येते.

आता ‘लुक इनटू’. ऑफिसच्या पत्रव्यवहारात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली जोडी हीच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिच्याबद्दलच दिसतो. आपल्याकडे ‘बघतो’ हा शब्द फार लवचिक आहे. दुकानदार ‘बघतो’ म्हणाला की मिळेलच असं नाही. साहेब ‘बघू’ म्हणाले की बहुतेक वेळा नाहीच. त्या सवयीने आपण लिहितो ‘आय विल सी’, आणि समोरच्यालाही ते तसंच लागतं, हात झटकल्यासारखं. ‘आय विल लुक इनटू इट’ हे मात्र आश्वासन आहे. मी यात वेळ घालणार, कारण शोधणार आणि काय आढळलं ते तुम्हाला कळवणार. उत्तर सापडेलच याची हमी त्यात नाही, प्रयत्नाची आहे. म्हणून असं लिहून दोन दिवस गप्प बसलात, तर समोरच्याला तुम्ही शब्द मोडलात असं वाटतं.

याउलट ‘फाइंड आउट’मध्ये फळ आहे. मराठीत शोधणं आणि शोधून काढणं यांत जे अंतर आहे तेच इथे. ‘वी विल फाइंड आउट बाय इव्हनिंग’ म्हणजे संध्याकाळी उत्तर हातात. नवीन मुलं उत्साहाने हे लिहून टाकतात आणि संध्याकाळी अडकतात. खात्री नसेल तर ‘वी आर लुकिंग इनटू इट अँड विल अपडेट यू बाय इव्हनिंग’ लिहा. संध्याकाळी काहीच सापडलं नसेल, तर तेही कळवा. अपडेट देण्याचा शब्द तरी पाळला जातो.

‘लुक इनटू’ला दुसरी, गोड बाजूही आहे. ‘वी आर लुकिंग इनटू ओपनिंग अ सेकंड ऑफिस’ यात कुणाचीच चूक शोधलेली नाही. ही चाचपणी आहे : जमेल का, परवडेल का. ‘एक्सप्लोर’ही याच घरातला. म्हणजे एकच जोडी बिघाडापुढे आली की तपास, आणि बेतापुढे आली की चाचपणी. पुढचं नाम पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका.

‘लुक’ची बाकी भावंडं पटकन सांगतो. ‘लुक अप’ म्हणजे डिक्शनरीत, यादीत किंवा रेकॉर्डमध्ये पाहून माहिती काढणं. ‘लुक ओव्हर’ म्हणजे पाठवण्याआधी कुणी नजरेखालून घालणं. पण हेच दोन शब्द उलटे जोडून ‘ओव्हरलुक’ झालं की अर्थ होतो नजरेतून निसटणं, म्हणून ‘प्लीज ओव्हरलुक माय रिपोर्ट’ कधीही लिहू नका. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळ करणं. तक्रारीचा कुणी सांभाळ करत नाही. आणि सर्वनाम कुठे बसतं तेही पाहा : ‘लुक इट अप’ चालतं, ‘लुक इट इनटू’ चालत नाही, तिथे ‘लुक इनटू इट’च.

‘चेक’ सगळ्यात हलका. हो की नाही, आहे की नाही, पाच मिनिटांत उत्तर. महिनाभर चाललेल्या बिघाडाला ‘वी आर चेकिंग’ लिहिलंत, तर ग्राहकाला वाटतं की यांना गांभीर्य कळलेलंच नाही. ‘चेक विथ’ म्हणजे एखाद्याला विचारून घेणं. ‘चेक अप ऑन’मध्ये पुन्हा पाळतीचा वास, तेव्हा सहकाऱ्याबद्दल लिहिताना जपून.

इथेच आपल्या ऑफिसांतला लाडका शब्द येतो : ‘वी विल चेक अँड रिव्हर्ट.’ भारतात रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं. तिकडच्या रोजच्या इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ पूर्वस्थितीला जाणं, आणि सॉफ्टवेअरमध्ये तर केलेला बदल मागे घेणं. आमच्या शेजारच्या टीमने एकदा नव्या बदलाबद्दलच्या शंकेला हे उत्तर पाठवलं. ग्राहकाने समजून घेतलं की बदल मागे घेतला जाणार, आणि त्यांनी आपल्या बाजूचं काम थांबवलं. एक अख्खा दिवस गेला. ‘गेट बॅक टू यू’ लिहा, प्रश्नच मिटतो.

सर्व्हर बंद पडला की अनेक कंपन्या आपल्या स्टेटस पेजवर चार पायऱ्या दाखवतात : इन्व्हेस्टिगेटिंग, आयडेंटिफाइड, मॉनिटरिंग, रिझॉल्व्ह्ड. शब्दांची वजनं शिकायला याहून चांगली शाळा मला सापडलेली नाही. पहिल्या पायरीवर बिघाड मान्य आहे, कारण माहीत नाही. दुसऱ्या पायरीवर कारण हाती लागलं, दुरुस्ती बाकी आहे. तिसऱ्यावर दुरुस्ती झाली, ती टिकते का यावर लक्ष आहे. चौथ्यावर काम संपलं. कारण कळल्यावरही तुम्ही ‘इन्व्हेस्टिगेटिंग’ लिहीत राहिलात, तर वाचणारा समजतो की तुम्ही अजून अंधारातच आहात.

‘चौकशी’ हा शब्द तर मला स्वतंत्र धडा वाटतो. आपण स्टेशनच्या खिडकीवर चौकशी करतो, आजारी माणसाची आस्थेने चौकशी करतो, आणि सरकारही चौकशी लावतं. इंग्रजीत या तिघांना तीन दारं आहेत. गाडीच्या वेळेसाठी ‘एन्क्वायर अबाउट’. आजाऱ्यासाठी ‘आस्क आफ्टर’. गैरव्यवहारासाठी ‘इन्क्वायर इनटू’. सहकाऱ्याच्या वडिलांच्या तब्येतीबद्दल ‘इन्क्वायर इनटू’ लिहिलंत, तर आयोग नेमल्यासारखं वाटेल. स्पेलिंगचाही प्रश्न येतो. ब्रिटिश लिखाणात साध्या विचारपूशीला सुरुवातीला ई आणि रीतसर चौकशीला आय, असा भेद बरेच जण पाळतात. अमेरिकेत दोन्हीकडे आय. ग्राहक कुठला आहे ते पाहा आणि एका पत्रात एकच पद्धत ठेवा.

आपला कायदाही या शब्दांत फरक करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आणि तिच्याआधीच्या १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, ‘इन्व्हेस्टिगेशन’ म्हणजे मुख्यतः पोलिसांनी पुरावा गोळा करणं, आणि ‘इन्क्वायरी’ म्हणजे खटला सोडून दंडाधिकारी किंवा न्यायालय करतं ती चौकशी. १९५२च्या कायद्याने नेमला जातो तो चौकशी आयोग; तो अहवाल देतो, शिक्षा देत नाही. ‘प्रोब’ मात्र मुख्यतः मथळ्यांचा शब्द. जागा कमी, अक्षरं कमी, म्हणून वर्तमानपत्रांना तो आवडतो. मूळचा तो जखमेत घालून खोली पाहायच्या सळईचा. ग्राहकाला ईमेलमध्ये ‘वी आर प्रोबिंग’ लिहिलंत, तर त्याला ती सळई टोचते.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. मराठी माध्यमातून आलेल्यांना या बाबतीत मागे पडल्यासारखं वाटायचं काहीच कारण नाही, कारण हे भेद आपल्या कानाला आधीपासून कळतात. फक्त सगळ्यासाठी ‘तपासणे’ हा एकच शब्द मनात धरून इंग्रजीकडे जाऊ नका. आधी नेमका मराठी शब्द आठवा. कागदपत्रांची पडताळणी असेल तर ‘व्हेरिफाय’. ऐकीव गोष्टीची खातरजमा असेल तर ‘कन्फर्म’. छाननी असेल तर ‘स्क्रुटिनाइज’. छाननीत चाळणी आहे, आणि पुराव्यांच्या ढिगाबद्दल इंग्रजीतही ‘सिफ्ट थ्रू’ म्हणतात. छडा लावायचा असेल तर ‘गेट टू द बॉटम ऑफ’. जागेवर जाऊन पाहणी असेल तर ‘इन्स्पेक्ट’. पाठपुरावा असेल तर ‘फॉलो अप’. हिशेब तपासायचे असतील तर ‘ऑडिट’. त्याच्या मुळाशी ऐकणं आहे, कारण एके काळी हिशेब वाचून दाखवले जात.

मी आजही टेबलावर एक वही ठेवतो. डाव्या पानावर ग्राहकाचं वाक्य, उजव्या पानावर मी ते मराठीत कसं म्हणालो असतो ते. गेल्या आठवड्यात डावीकडे लिहिलं : ‘कॅन समवन टेक अ लुक?’ यात घाई नाही, आरोप नाही, कुणीतरी एकदा पाहावं एवढीच विनंती. उजवीकडे लिहिलं, ‘जरा बघता का कुणी?’ आणि उत्तर पाठवलं, ‘शुअर, टेकिंग अ लुक नाऊ.’ वीस मिनिटांनी बिघाड मोठा निघाला, तेव्हा पुढच्या ओळीत ‘लुकिंग इनटू’ आलं.