हरणाच्या शिकारीची सुरी: घेताना आणि सांभाळताना या चुका टाळा

आधीच सांगून टाकतो, हे सगळं स्कॉटलंडचं आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराच्या वाटेला जायची सोयच नाही आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे गावाकडच्या कोणी हे वाचून उगाच चाकू परजू नका. इकडे गोष्ट उलटी आहे, लांडगे शेकडो वर्षांपूर्वी संपले, हरणं बेसुमार वाढली, नवी लावलेली झाडं कोंबातच खाऊन टाकतात, म्हणून दरवर्षी ठरवून मारावी लागतात आणि ते मांस खायला जातं. मी नोकरीनिमित्त हायलँडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आलो, शनिवार-रविवार करायचं काय म्हणून एका इस्टेटवरच्या (मोठ्या खाजगी जमिनीवरच्या) स्टॉकरच्या, म्हणजे हरणांच्या मागावर जाणाऱ्या शिकाऱ्याच्या मागे डोंगर चढायला लागलो, मग डीएससी लेव्हल वन म्हणजे हरणांच्या शिकारीचं पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र केलं, आणि आता इकडे आलेली आपली पोरं अधूनमधून फोन करतात, दादा, सुरी कुठली घेऊ? रायफल आणि स्कोपवर सहा महिने डोकं लावलेलं असतं, सुरी मात्र रात्री अकरा वाजता मोबाईलवर फोटो बघून ऑर्डर केलेली असते.

फोटो बघून घेणं हीच पहिली चूक, आणि ती मी स्वतः केलीय. माझी पहिली सुरी दमास्कस पोलादाची होती. पात्यावर लाटांसारखी नक्षी, मूठ शिंगाची, पातं चांगलं सहा इंच, सोबत चामड्याचं म्यान. नोव्हेंबर महिना, हाइंडचा म्हणजे मादीचा सीझन (21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी), दुपारचे तीन वाजलेले आणि उजेड निघून चाललेला, वरून पाऊस की बर्फ ते कळत नाही असं काहीतरी पडतंय. ग्रॅलॉक करायचं होतं, म्हणजे जागेवरच पोट उघडून आतडी बाहेर काढायची. हा शब्द इथल्या गॅलिक भाषेतला, सगळे तोच वापरतात. मी कातडीला छेद दिला, बोटं आत घातली, सुरी पुढे सरकवली आणि फुस्स आवाज आला. सहा इंची पात्याचं टोक माझ्या बोटांच्या पुढे दीड-दोन इंच बाहेर होतं, ते मला दिसतच नव्हतं, ते सरळ कोठीपोटात गेलं. हिरवा अर्धवट पचलेला पाला सगळा आत पसरला आणि वास असा की सांगायलाच नको. स्टॉकर एक शब्द बोलला नाही. त्याने मला फक्त बाजूला केलं आणि कमरेची पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची, खाटकाच्या दुकानात असते तसली चार इंची सुरी काढून पुढचं काम उरकलं. आतल्या बाजूचं बरंच मांस कापून फेकावं लागलं.

तर पातं साडेतीन ते चार इंच, बस. तर्जनी पाठीवर ठेवली की टोक कुठे आहे ते बोटाला कळलं पाहिजे. यापेक्षा मोठी सुरी लार्डरमध्ये, म्हणजे हरणं टांगून ठेवायच्या थंड खोलीत, मांस सोडवताना ठीक आहे, डोंगरावर नाही.

त्या दिवसाची कथा अजून संपली नव्हती. सुरी घरी आणून मी मन लावून धुतली, पुसली, म्यानात घातली आणि कपाटात ठेवली. चार दिवसांनी कपाट उघडलं तर बायकोने विचारलं, उंदीर मेलाय का? मूठ आणि पातं जिथे जुळतं तिथल्या बारीक फटीत रक्त गेलेलं, आणि चामड्याने तर स्पंजसारखं शोषून घेतलेलं. तेव्हापासून मी कुठलीही सुरी हातात घेतली की धार नंतर बघतो, आधी बघतो ही धुता कशी येईल. मुठीला रिवेट आहेत का, लाकूड आहे का, नक्षी कोरलीय का, दोरी ओवलीय का (ती दोरी तर पहिल्याच दिवशी कापून टाका, रक्तात भिजते आणि कधीच वाळत नाही), जिथे जिथे नखाने खरवडावं लागेल तिथे तिथे घाण बसणार. पात्यावर सरळ ओतीव रबर किंवा प्लास्टिक चढवलेली मूठ सगळ्यात बरी. रंग भगवा, पिवळा, लाल, कसलाही भडक. हिरवी किंवा तपकिरी मूठ घेऊ नका, हेदरच्या झुडपात खाली ठेवली की गेली, हे पण अनुभवाचे बोल आहेत. मी आता स्वीडनची मोरा कंपॅनियन वापरतो, पातं साधारण दहा सेंटिमीटर, स्टेनलेस, सोबत प्लास्टिकचं म्यान, पंधरा-वीस पौंडाच्या आसपास येते. दिसायला अगदीच साधी आहे. दमास्कस अजून आहे घरात, पार्सलचे खोके फोडायच्या कामाला लागते.

कार्बन स्टील की स्टेनलेस यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. कार्बनला धार झटकन लागते हे खरं, पण पावसात, रक्तात, ओल्या खिशात दिवस काढायचा असेल तर नवख्याने स्टेनलेसच घ्यावी. फक्त स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं समजू नका. रक्त खारट असतं, रात्रभर पात्यावर राहिलं तर स्टेनलेसवरही बारीक खड्डे पडतात.

आता गटहूक. पात्याच्या पाठीवर तो आकडा असतो ना, पोटाची कातडी झिपसारखी उघडायला, व्हिडिओत लई भारी दिसतो. प्रत्यक्षात त्यात केस आणि चरबी अडकते, धुताना ब्रश नीट पोचत नाही आणि धार गेली की साध्या दगडावर लावता येत नाही. त्यापेक्षा दोन बोटांचा व्ही करून, कातडी वर उचलून, पात्याची धार आकाशाकडे ठेवून मधून सरकवायची, काम तेच होतं.

फोल्डिंग सुरीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथे दोन वेगवेगळे घोळ आहेत. एक म्हणजे बिजागरी. पातं मिटतं ती खाच म्हणजे रक्त आणि चरबी साठवायची डबीच, आणि लाकडी मूठ असेल तर भिजली की फुगते, पातं उघडता उघडत नाही. माझ्याकडे ओपिनेलची 8 नंबर आहे, सफरचंद कापायला तिच्यासारखी सुरी नाही, पण एकदा भर पावसात ती उघडायला मी दातांपर्यंत आलो होतो. दुसरा घोळ कायद्याचा. ब्रिटनमध्ये विनाकारण खिशात बाळगायला चालते ती फक्त मिटणारी आणि धार 3 इंचांपर्यंत म्हणजे 7.62 सेंटिमीटरपर्यंत असलेली सुरी, आणि उघडल्यावर लॉक होणारी सुरी या सवलतीत बसत नाही, छोटी असली तरी. म्हणजे ती ओपिनेल कडी फिरवून लॉक होते, म्हणून ती सवलतीच्या बाहेर. स्टॉकिंगला जाताना-येताना सुरी जवळ असणं हे सबळ कारण धरलं जातं, पण ते कारण त्या दिवसापुरतं. रविवारची सुरी गाडीच्या दाराच्या खणात राहिली आणि तुम्ही बुधवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभे, मग पोलिसाला काय सांगणार? घरी पोचलात की रायफलच्या आधी सुरी गाडीतून काढा.

वापरतानाच्या चुका थोडक्यात. धार जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हाड नाही, केस. हरणाच्या केसांत माती, वाळू सगळं अडकलेलं असतं, वरून कापत गेलात की पातं सँडपेपरवर घासल्यासारखं होतं. एकदा छोटा छेद द्या आणि मग कायम आतून बाहेर कापा. केस मांसावर पण कमी पडतात. पाय काढताना हाडावर घाव घालायचे नाहीत, सांधा बोटाने चाचपायचा, बरोबर जागा सापडली की सुरी लोण्यातून गेल्यासारखी जाते. कोंबडीची तंगडी कधी सोडवली असेल तर तेच गणित. आणि छातीचं हाड फोडायचं असेल तर छोटी करवत न्या, सुरी पाचरीसारखी घालून पिळू नका, टोक मोडतं. जमलं तर दोन सुऱ्या ठेवा, एक कातडीला, एक आतल्या कामाला, म्हणजे बाहेरची घाण आत जात नाही.

धुण्यात जवळजवळ सगळे एकच चूक करतात, थेट गरम पाणी. रक्त गरम पाण्याने शिजतं आणि चिकटून बसतं, अंड्याची कढई आठवा. आईने लहानपणी रक्ताचा डाग कायम गार पाण्यात धुतला ना, तेच इथे. आधी गार पाणी आणि ब्रश, मग गरम पाणी आणि साबण चरबीसाठी, मग जंतू मारायचे असतील तर खरोखर कडकडीत पाणी. कत्तलखान्यात सुऱ्या निर्जंतुक करायला किमान 82 अंश सेल्सिअसचं पाणी लागतं असा नियम आहे, नळाचं गरम पाणी तिथपर्यंत जात नाही, किटली लावा. डिशवॉशरमध्ये टाकू नका, धार भांड्यांवर आपटते आणि ती पावडर मुठीची वाट लावते. मग कोरडी पुसून उघड्यावर ठेवा, म्यानात नाही. म्यान वेगळं धुवा, उलटं टांगा. प्लास्टिकच्या म्यानाला तळाशी भोक असतं ते पाणी निथळायलाच, त्यात गाळ अडकलाय का बघा.

तेलाचं म्हणाल तर स्टेनलेसला रोज काही लावायची गरज नाही. कार्बन असेल किंवा सीझन संपून सुरी ठेवून द्यायची असेल तर खाण्याला चालेल असं मिनरल ऑइल, फक्त एक थेंब, कपड्याने पुसून. बिजागरीवर मारायचे स्प्रे मांसाच्या सुरीला नकोत. मी सुरुवातीला आपलं खोबरेल लावायचो, पण ते 24 अंशांच्या खाली थिजतं आणि स्कॉटलंडमध्ये 24 अंश म्हणजे लोक टी-शर्ट काढून बागेत झोपतात, त्यामुळे बाटली वर्षभर पांढरी दगड. शिवाय बरेच दिवस राहिलं तर खवट होतं.

आता धार. गावी शिकलगार दारात यायचा, सायकलचं चाक फिरवून ठिणग्या उडवून विळी लावून द्यायचा आणि आपण बघत बसायचो, त्यामुळे धार म्हणजे ठिणग्या असं आपल्या डोक्यात बसलंय. सुरीला तसं करू नका, ठिणगी उडाली म्हणजे तिथे धार तापली आणि पोलाद नरम पडलं. तसंच ते ओढायचं यंत्र, व्हीसारख्या खाचेतून सुरी खेचायची, ते पटकन धार दिल्यासारखं दाखवतं पण धातू ओरबाडतं. साधा निसणा घ्या किंवा डायमंडचा सपाट दगड, एक बाजू सहाशे ग्रिटची आणि दुसरी हजार-बाराशेची पुरते (ग्रिट म्हणजे दगड किती खरखरीत किंवा बारीक त्याचा आकडा).

धार लागत नाही अशी तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा कोन चुकलेला असतो. एक युक्ती सांगतो. काळ्या मार्करने धारेचा उतार दोन्ही बाजूंनी रंगवा, दगडावर दोनदा ओढा आणि बघा. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर सुरी जास्तच आडवी धरताय, फक्त अगदी टोकाच्या धारेची गेली तर जास्त उभी, पूर्ण पट्टा साफ झाला तर बरोबर. मोरासारख्या सुरीचा उतार रुंद आणि सपाट असतो, तो पूर्ण दगडावर टेकवायचा की कोन आपोआप मिळतो, इतर सुऱ्यांना प्रत्येक बाजूला साधारण वीस अंश धरा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला अंगठ्याला खरखरीत कड लागली की बाजू बदला. ही कड येण्याआधीच लोक बाजू बदलतात आणि मग तासभर घासून सुरी होती तशीच. शेवटी हलक्या हाताने आलटून-पालटून ओढा आणि जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाच-सहा वेळा उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून फिरवा. वर्तमानपत्र फरफर न करता कापलं गेलं की झालं.

आणि काम चालू असताना सुरी अचानक घसरायला लागली तर लगेच धार गेली म्हणू नका. बहुतेक वेळा पात्यावर थंडीने चरबी थिजलेली असते. पुसा, परत बघा. तरीही नाही तर छोटी सिरॅमिक कांडी तीन-चार वेळा फिरवा, कांडी घरी राहिली असेल तर चहाच्या मगाच्या बुडाची खरखरीत, चकाकी नसलेली कडसुद्धा चालते. पात्याचा बारीक तुकडा उडाला असेल तर मात्र डोंगरावर खटपट नको, दुसरी सुरी काढा आणि तो तुकडा मांसात राहिलाय का ते आधी शोधा. म्यानात सुरी सैल झाली असेल तर चिकटपट्टी गुंडाळू नका, तीही शोषून घेते, नवीन म्यान मागवा.

निघायच्या आधी हातमोजे काढून सुरी मोजा, आणलेल्या किती, म्यानात किती. माझी ती हिरव्या मुठीची अजून त्याच उतारावर कुठेतरी पडलीय.