हात वर गेले, पण छाती उघडली का? आसनात खांदे आणि छाती कशी तपासावी

ताडासनात, म्हणजे हात बाजूला सोडून ताठ, उभे राहा. मोबाइल छातीच्या उंचीवर, सात-आठ फुटांवर, बाजूने ठेवा आणि व्हिडिओ सुरू करा. आरशावर विसंबू नका. तो समोरचंच दाखवतो, आणि खांद्याची चूक बहुतेक वेळा बाजूने कळते.

समोरून एवढंच पाहा: गळ्याखालची दोन आडवी हाडं साधारण एका पातळीत आहेत ना? उजव्या-डाव्यात थोडा फरक असतोच, त्याच्या मागे लागू नका.

आता हात डोक्यावर न्या. इथेच बहुतेकांचं बिघडतं.

"छाती बाहेर काढा, खांदे कानांपासून खाली ओढा." या दोन सूचना मी कित्येक वर्षं इमानदारीने पाळल्या. हात कानांना टेकायचे, शाबासकी मिळायची आणि घरी येईपर्यंत कंबर धरायची. कारण साधं आहे. हात खालून थेट वर जातो तेव्हा त्या सुमारे १८० अंशांपैकी १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं त्रिकोणी हाड, वर वळल्यामुळे. फरा खाली दाबून धरला तर उरलेली हालचाल कंबरेतून चोरली जाते. खालच्या बरगड्या पुढे येतात, कंबरेत खळगा पडतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, छाती छान उघडली. ती उघडलेली नसते, नुसती पुढे ढकललेली असते.

हे हातानेच तपासा. डावा हात पोटावरून उजवीकडे न्या. अंगठा पुढच्या सगळ्यात खालच्या बरगडीवर आणि करंगळी कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर ठेवा. आता उजवा हात समोरून हळूहळू वर न्या. एका ठिकाणी तुमची वीत ताणली जायला लागेल. तिथे थांबा. तुमचा हात आज इथवरच जातो, मग तो कानाच्या चार बोटं पुढे का असेना. श्वास सोडा, बरगडी खाली येऊ द्या, कोपर किंचित वाकवा आणि फरा वर सरकू द्या. खांदा कानाजवळ आला तरी हरकत नाही, मान मात्र मोकळी हवी. मग दुसरी बाजू.

खांद्याच्या टोकाशी चिमटा बसल्यासारखी कळ आली तर हात लगेच खाली घ्या. आणि मागून कुणी हात दाबून "अजून थोडं" म्हणत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

अधोमुख श्वानासनात (तळवे आणि पावलं जमिनीवर, नितंब वर) तीच चूक होते, वर शरीराचा भारही असतो. बाजूच्या व्हिडिओत मनगट, खांदा आणि नितंब एका रेषेत दिसायला हवेत. काखा त्या रेषेखाली लोंबत असतील तर गुडघे वाकवा आणि तळव्यांनी जमीन दूर लोटा. छाती जमिनीकडे दाबण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही.

भुजंगासनात (पालथं झोपून हातांच्या आधाराने छाती वर उचलणं) हात खाली असतात, म्हणून तिथे खांदे कानांपासून दूर ठेवणं बरोबर. कोपरं सरळ करताना ते वर चढले तर कोपरं वाकलेलीच ठेवा.

त्रिकोणासनात (पाय फाकवून बाजूला वाकणं, एक हात खाली, एक वर) वरचा खांदा पुढे पडतो का, एवढं पाहा. पडत असेल तर खालचा हात घोट्यावरून नडगीवर आणा, वरच्या खांद्याला मागे यायला जागा मिळते.