काचकापडाला सायलेन-पॉलिमरचा लेप: दहा लिटरच्या बाथची कृती

काच पाणी धरून ठेवते, पॉलिएस्टर रेझिन मात्र तिला नुसतं लपेटून बसतं. त्या फटीत ओल शिरली की लॅमिनेट (रेझिनमध्ये बसवलेलं काचकापड) पांढरं पडतं. दोघांना रासायनिक बंधाने जोडतं ते सायलेन. वरचा पॉलिमर तंतू एकत्र धरतो आणि घासण्यापासून जपतो.

आधी कापड ओळखा. पॉलिएस्टरसाठी आधीच फिनिश (लेप) केलेल्या रोव्हिंगवर, म्हणजे काचतंतूंच्या जुड्यांवर, पुन्हा लेप देऊ नका, सायलेन काचेपर्यंत पोचतच नाही. स्टार्च लावून विणलेलं कापड भट्टीत सुमारे ४०० अंशांवर, तपकिरी होऊन पुन्हा पांढरंशुभ्र होईपर्यंत ठेवा. जळलेल्या कापडाची ताकद घटते, त्यामुळे घडी घालू नका.

पॉलिएस्टर, व्हिनाइल एस्टर रेझिनला मेथाक्रिलॉक्सी सायलेन लागतं. एपॉक्सीला अमिनो किंवा ग्लायसिडॉक्सी. इथली कृती पहिल्याची आहे.

प्लास्टिकच्या टबात साडेनऊ लिटर डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या. बोअरचं नको, त्यातले क्षार काचेवर बसतात. अॅसेटिक अॅसिड थेंबाथेंबाने टाकून पीएच ४ वर आणा. ५० ग्रॅम सायलेन बारीक धारेने सोडून ढवळत राहा. आधी तेलकट थेंब दिसतात, अर्ध्या-पाऊण तासात द्रावण पाण्यासारखं नितळ होतं. नितळ होऊन पुन्हा दुधाळ झालं तर सायलेन आपसातच जुळलंय. ते टाकून द्या. यात मिथेनॉल सुटतं, म्हणून दारं उघडी हवीत आणि जवळ आग नको.

द्रावण नितळ झाल्यावरच ५० टक्के घन असलेलं नॉन-आयनिक (विद्युतभार नसलेलं) पीव्हीएसी, म्हणजे पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, इमल्शन ६०० ग्रॅम, हळू ढवळत घाला. अॅनायनिक (ऋण भाराचं) इमल्शन आम्लात फाटू शकतं, तेव्हा आधी पेल्यात थोडं मिसळून बघाच. सुतारकामाचा पांढरा गोंद चालत नाही, त्यात इतर भर असते.

कापड बुडवून रबरी रोलरने पिळा. किलोभर कापड १.३ किलो भरलं, तर सुकल्यावर लेप साधारण एक टक्का बसतो. जाड लेप कमकुवत असतो. निथळू द्या, मग ११० अंशांवर १५ मिनिटं. थेट कडक ओव्हनमध्ये घातलं तर पॉलिमर कडेला सरकतो आणि काठ ताठर होतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात थंड होताच पॉलिथिनमध्ये सीलबंद करा.

तपासणीला लेप दिलेला आणि न दिलेला असे दोन तुकडे एकाच रेझिनमध्ये बसवून घट्ट होऊ द्या, मग दोन तास पाण्यात उकळा. साध्या तुकड्यात विणीचा पांढरा माग उठतो. लेपाच्या तुकड्यातही उठला तर आधी पीएच आणि स्टार्च पूर्ण जळलंय का, हे बघा.